लहान गाडी, मोठा चढ : वसई ते इंदूर

मुंबईहून आग्र्यास जाणारा जुना मार्ग सह्याद्री, सातपुडा आणि विंध्य अशा तीन डोंगररांगा ओलांडून माळव्याच्या पठारावर पोहोचतो. एकेकाळी बैलांचे तांडे आणि मराठ्यांच्या फौजा याच दिशेने उत्तरेकडे जात. आज तेथे अवजड मालमोटारींची रांग लागलेली असते, आणि त्या रांगेतून वाट काढीत आपल्यासारख्या कुटुंबांच्या लहान मोटारीही जात असतात. १९८३ सालच्या डिसेंबरात ७९६ घनसेंटिमीटर इंजिनाची मारुती ८०० रस्त्यावर आली. तेव्हापासून लहान मोटार ही केवळ श्रीमंतांची वस्तू उरली नाही. आता आपल्या खेड्यापाड्यांतूनही मे महिन्यात किंवा नाताळानंतर पाच-सहा माणसे आणि त्यांचे बाडबिस्तर घेऊन गाडी वेलंकणीस किंवा जुन्या गोव्यास निघते. गाडीत सामान किती मावते हे सर्वच पाहतात. तिच्या इंजिनास, टायरांस आणि ब्रेकांस किती झेपते हे मात्र थोडेच जण पाहतात. म्हणून वसईहून इंदूरपर्यंतच्या आमच्या प्रवासाची हकीकत वाचकांपुढे ठेवीत आहोत.

इंदूरला जाण्याचे कारण आमची आई. धन्य राणी मारिया यांच्या समाधीपुढे गुडघे टेकावेत ही तिची फार दिवसांची इच्छा होती. ही समाधी इंदूरच्या आग्नेयेस, देवास जिल्ह्यातील उदयनगर या डोंगराळ गावी आहे. आता आईचे गुडघेच तिला साथ देत नाहीत. आगगाडीने इंदूर गाठता येते, परंतु पुढे बसमध्ये चढणे-उतरणे तिला शक्य नव्हते. शिवाय इंदूरला तिची मावसबहीण राहते. दोघींची भेट होऊन बारा वर्षे लोटली होती. तेव्हा घरच्या गाडीनेच जायचे ठरले.

गाडी लहान होती. इंजिन तीन सिलिंडरांचे, ९९८ घनसेंटिमीटरचे. पूर्ण वेगाने फिरले म्हणजे सदुसष्ट अश्वशक्ती देणारे. बसणार पाच जण : आई, आम्ही उभयता, धाकटे बंधू आणि कॉलेजात शिकणारी कन्या. हे ऐकून शेजारच्या एका काकांनी स्पष्टच सांगितले, "अरे, ही गाडी बाजारात जायला ठीक. पाच माणसे घेऊन तीन घाट चढायचे म्हणजे तिला मारण्यासारखेच आहे. मोठी गाडी भाड्याने घ्या." काकांचे म्हणणे हसण्यावारी नेण्यासारखे नव्हते. वाटेत गाडी बंद पडली असती, तर चालता न येणाऱ्या आईला घेऊन आम्ही घाटात काय करणार होतो?

तेव्हा आम्ही प्रथम गाडीची पुस्तिका उघडली. रिकाम्या गाडीचे वजन सुमारे ८३० किलो आणि भरलेल्या गाडीची कमाल मर्यादा १३४० किलो, असे तीत छापलेले होते. म्हणजे माणसे व सामान मिळून ५१० किलो, त्याहून एक किलोही अधिक नाही. मग वाडीतला भाजी तोलण्याचा काटा अंगणात आणला आणि सामानाबरोबर माणसांनाही त्यावर उभे केले. पाच माणसांचे वजन भरले ३१५ किलो. न्यावयाच्या सामानाचा ढीग घातला तो ११८ किलो. मर्यादेत हे बसत होते, परंतु डिकीत मावत नव्हते. उरलेले टपावर बांधावे, असा विचार पुढे आला.

टपावरचा बोजा हा लहान गाडीचा मोठा वैरी आहे. त्यामुळे गाडीचा तोल वर सरकतो, वळणावर ती अधिक कलते आणि वारा अडून पेट्रोल अधिक जळते. म्हणून टपावर काहीही बांधायचे नाही असे ठरले, आणि काट्यापाशी घरची खरी परीक्षा सुरू झाली. वीस नारळ कमी झाले. पितळेचे पातेले कमी झाले. कन्येची दुसरी बॅग घरी राहिली. सुकेळ्यांचे पुडके मात्र आईने हातचे सोडले नाही. वसईची सुकेळी न घेता बहिणीच्या दारी जायचे हे तिला मान्य नव्हते. तिची घडीची चाकांची खुर्ची तर हवीच होती. अखेर सामान ७२ किलोवर आले. गाडी, माणसे व सामान मिळून सव्वाबाराशे किलोंच्या आत बसले. जड वस्तू डिकीच्या तळाशी, मागच्या बैठकीला लागून ठेवल्या आणि हलक्या वर. टायरांत भरलेल्या गाडीसाठी सांगितलेली हवा भरली. हा आकडा बहुधा चालकाच्या दाराजवळच्या पट्टीवर छापलेला असतो आणि तो एरवीच्या आकड्याहून थोडा अधिक असतो. कमी हवेच्या टायरवर भार पडला म्हणजे तो आतून तापतो आणि भर वेगात फुटतो.

पहाटे प्रार्थना करून निघालो. चिंचोटी, कामण, भिवंडी करीत आग्रा मार्गाला लागलो, आणि शहापूर मागे टाकल्यावर कसाऱ्याचा घाट समोर आला. या घाटात आगगाडीची तऱ्हा पाहण्यासारखी असते. १८६५ सालापासून येथे लोहमार्ग आहे. त्याचा चढ ३७ फुटांस एक फूट इतका आहे, आणि एवढ्या चढासाठीही कसाऱ्यास गाडीला मागून जादा इंजिने जोडून इगतपुरीपर्यंत ढकलीत न्यावी लागत. हजारो अश्वशक्तीच्या इंजिनाला जेथे मदत लागे, तेथे आमच्या तीन सिलिंडरांनी काय करावे? आणि मोटाररस्त्याचा चढ तर लोहमार्गाहून अधिक खडा असतो.

उत्तर हिशेबात आहे, आणि तो हिशेब शाळेतल्या मुलालाही समजण्यासारखा आहे. शंभर मीटर अंतरात सहा मीटर चढणाऱ्या रस्त्यावर आमची भरलेली गाडी ताशी पंचेचाळीस किलोमीटर वेगाने न्यायची, तर चढ, वारा आणि रस्त्याचे घर्षण मिळून सुमारे सोळा ते अठरा अश्वशक्ती लागते. इंजिनाजवळ सदुसष्ट आहे. मग अडचण कोठे येते? अडचण अशी की, ही सदुसष्ट अश्वशक्ती इंजिन मिनिटाला साडेपाच हजार फेरे घेते तेव्हाची आहे. त्याच वेगाने गाडी पाचव्या गिअरमध्ये ठेवली, तर इंजिन जेमतेम तेराशे-चौदाशे फेरे घेते आणि तेव्हा त्याच्याजवळ चौदाच्या आसपास अश्वशक्ती असते. गरज सोळा-अठराची आणि शिलकीत चौदा! मग चालक पायाखालची कळ तळापर्यंत दाबतो, इंजिन थरथरते, धडधडते, तापू लागते, आणि गाडीतले म्हणतात, "लहान इंजिन, त्यात ताकद नाही." तिसऱ्या गिअरमध्ये मात्र तेच इंजिन त्याच वेगाला सव्वादोन हजारांवर फेरे घेते आणि पंचवीसच्या आसपास अश्वशक्ती देते, दुसऱ्यात त्याहूनही अधिक. ताकद असतेच, ती मागण्याची रीत यावी लागते.

बंधू गाडी चालवीत होते. चढ लागण्यापूर्वीच त्यांनी गिअर खाली आणला. गाडी दमल्यावर गिअर बदलणे म्हणजे बैल बसल्यावर जू सैल करण्यासारखे आहे. वातानुकूलन यंत्र बंद केले, कारण ते इंजिनाच्याच ताकदीतून आपला वाटा उचलते. डावी बाजू धरून, मालमोटारींच्या मागून, घाई न करता आम्ही चढत राहिलो. तापमानाचा काटा मध्यावरून हलला नाही. इगतपुरीला गाडी थांबवून चहा घेतला तेव्हा आईने बोनेटवरून हात फिरवला आणि म्हणाली, "बिचारीने काम केले हो."

आमच्या लहानपणी घाटाच्या मध्यावर बोनेट उघडून उभ्या असलेल्या मोटारी आणि त्यांच्या रेडिएटरमध्ये डबड्याने पाणी ओतणारे चालक हे नेहमीचे दृश्य होते. आता शीतक द्रव्य बंद टाकीत फिरते आणि पंखा गरजेनुसार आपोआप चालू होतो. तरी काटा वर जाऊ लागलाच, तर गाडी सुरक्षित जागी उभी करावी, इंजिन थंड होऊ द्यावे, आणि तापलेल्या रेडिएटरचे झाकण कधीही उघडू नये. आतले पाणी दाबाखाली असते. झाकण सैल होताच ते उसळून तोंडावर येते.

नाशिक, पिंपळगाव करून चांदवड आले. येथे होळकरांचा रंगमहाल आहे. आपण ज्या इंदूरला निघालो आहोत त्या इंदूरच्या राज्यकर्त्यांची खूण अर्ध्या वाटेवरच भेटते. पुढे राहुड घाट, मालेगाव आणि लळिंगच्या किल्ल्याचा डोंगर. धुळ्यास मुक्काम केला. आईच्या प्रकृतीसाठी हा मुक्काम आवश्यक होता. गाडीच्या टायरांनाही विश्रांती मिळाली.

दुसरे दिवशी शिरपूरजवळ तापी ओलांडली. पळासनेर मागे टाकून सातपुड्यात शिरलो, तो बिजासनचा घाट आला. येथेच महाराष्ट्राची हद्द संपते. घाटाखालच्या एका ढाब्यावर एक वृद्ध सरदारजी मालमोटार उभी करून बसले होते. आमची भरलेली गाडी पाहून त्यांनी आपणहून विचारले, "कहाँ तक?" इंदूर म्हणताच हसून म्हणाले, "चढनेमें इंजन रोता है, उतरनेमें आदमी. जिस गिअरमें चढो, उसीमें उतरो." चाळीस वर्षे गाडी हाकलेल्या माणसाची ही शिकवण आम्ही परतीच्या वाटेसाठी जपून ठेवली.

सेंधवा, जुलवानिया करीत दुपारी खलघाटास नर्मदा ओलांडली. आईने गाडी सावकाश घ्यावयास सांगितली आणि त्या रुंद पात्राकडे पाहत राहिली. येथून जवळच महेश्वर. अहिल्याबाई होळकरांनी आपल्या राज्याचा कारभार तेथूनच चालविला आणि १७९५ साली तेथेच देह ठेवला. धामणोद सोडल्यावर विंध्याची भिंत समोर उभी राहते. नदीकाठ समुद्रसपाटीपासून सुमारे दीडशे मीटर आणि इंदूर साडेपाचशे. म्हणजे चारशे मीटरची चढण. उंचीवर हवा विरळ होते म्हणून इंजिनाची ताकदही दर शंभर मीटरला सुमारे एक टक्क्याने घटते. हे नुकसान थोडे असले तरी भरलेल्या लहान गाडीला ते जाणवते. आपल्याकडे अनेक गाड्या सीएनजीवर चालतात. त्यांत टाकीचे वजन वाढते, डिकीची जागा जाते आणि ताकद दहा-पंधरा टक्के कमी पडते. अशांनी मोठा घाट पेट्रोलवर चढावा हे बरे. तिसऱ्या आणि क्वचित दुसऱ्या गिअरमध्ये आमची गाडी मानपूरला वर आली. पुढे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे जन्मस्थान महू, मग राऊ, आणि दिवे लागणीला इंदूर.

मावशींच्या दारात दोघी बहिणी भेटल्या तेव्हा कोणी काही बोलले नाही. सुकेळ्यांचे पुडके तेवढे एका हातातून दुसऱ्या हातात गेले.

इंदूर हे मराठी माणसास परके वाटत नाही. सात मजली राजवाड्याच्या परिसरात अजूनही मराठी आडनावांच्या पाट्या दिसतात, आणि माळव्याच्या हिंदीत मध्येच एखादा मराठी शब्द कानी पडतो. सकाळी पोहे-जिलबी आणि रात्री सराफ्यातील खाद्यपदार्थांची जत्रा यांची कीर्ती सर्वत्र आहे. रस्त्यांची स्वच्छता पाहून तर आपल्या गावांची आठवण होऊन संकोच वाटतो. येथील धर्मप्रांत १९५२ साली स्थापन झाला. लाल चर्च म्हणून लोक ज्यास ओळखतात त्या संत फ्रान्सिसच्या कॅथेड्रलमध्ये रविवारची हिंदी मिस्सा ऐकली. शब्द निराळे, पण उभे केव्हा राहायचे आणि गुडघे केव्हा टेकायचे हे आईला सांगावे लागले नाही.

सोमवारी उदयनगरला गेलो. सिस्टर राणी मारिया मूळच्या केरळातील पुल्लुवळी गावच्या, फ्रान्सिस्कन क्लॅरिस्ट संघाच्या. १९९२ साली त्या उदयनगरला आल्या. सावकाराच्या कर्जात बुडालेल्या आदिवासी शेतकऱ्यांना त्यांनी संघटित केले आणि आपल्या हक्काचे मागण्यास शिकविले. ज्यांचे व्याज बुडाले त्यांना हे रुचले नाही. २५ फेब्रुवारी १९९५ रोजी त्या बसने इंदूरला येत असता, नाचनबोरच्या डोंगरात, भर प्रवाशांदेखत त्यांची हत्या झाली. त्या तेव्हा ४१ वर्षांच्या होत्या. पुढे त्यांच्या धाकट्या भगिनीने, त्याही धर्मभगिनीच, तुरुंगात जाऊन मारेकऱ्यास राखी बांधली आणि त्यास भाऊ मानले. ४ नोव्हेंबर २०१७ रोजी इंदूर येथे त्यांना धन्य म्हणून घोषित करण्यात आले.

ज्या डोंगरवाटेने ती बस आली होती, त्याच भागातून आमची गाडी दुसऱ्या गिअरमध्ये जात होती. गाडीत कोणी बोलत नव्हते. समाधीपाशी आई खुर्चीतून उठली. आम्ही दोघांनी दोन्ही बाजूंनी धरले आणि तिने गुडघे टेकले. अंगणात सामान तोलताना ही खुर्ची घ्यावी की नाही, यावर क्षणभर चर्चा झाली होती. ती घेतली नसती तर चर्चच्या दारापासून समाधीपर्यंतचे अंतर आईला कापता आले नसते. कोणते ओझे टाकावे हे जसे कळावे लागते, तसे कोणते टाकू नये हेही कळावे लागते.

परतीच्या आदल्या रात्री नवा प्रश्न उभा राहिला. मावशींनी माळव्याच्या गव्हाची पन्नास-पन्नास किलोंची दोन पोती दारात आणून ठेवली होती. "एवढ्या लांबून आलात, रिकाम्या हाताने कसे पाठवू?" असे म्हणताना त्यांचे डोळे भरून आले. कागदावर पाहता हिशेब जमत होता : ३८७ आणि १०० मिळून ४८७ किलो, मर्यादा ५१०. परंतु कागदावर एकच आकडा असतो. भार कोठे बसतो ते त्यात दिसत नाही. शंभर किलो डिकीत, मागच्या चाकांच्याही मागे बसले असते. अशाने गाडीचे नाक उचलले जाते, पुढच्या चाकांची पकड सैल होते आणि स्टिअरिंग हलके पडते. रात्री दिव्यांचा झोत समोरच्याच्या डोळ्यांत जातो. शिवाय उद्याचा रस्ता चढाचा नव्हता, उताराचा होता.

मावशींना नाही म्हणणे जड गेले. आईनेच तोड काढली. ती म्हणाली, "दहा किलो मांडीवर घेऊन जाते, तुझ्या हातचा म्हणून. बाकीचा मालमोटारीने पाठव, गावात वाटून खाऊ." मावशी आधी रुसल्या, मग हसल्या. पोती मालवाहतूक कंपनीकडे पोहोचती झाली आणि आठ दिवसांनी आमच्या घरी आली.

मानपूर सोडून खाली उतरू लागलो तेव्हा त्या निर्णयाचे मोल कळले. विंध्य उतरणाऱ्या चौपदरी मार्गावर गणपती घाट म्हणून जो उतार आहे, तेथे ब्रेक निकामी झालेल्या मालमोटारींनी अनेक वर्षे अनेकांचे प्राण घेतले. अखेर २०२४ च्या शेवटी कमी उताराचा वळणमार्ग तयार होऊन वाहतुकीस खुला झाला. चढताना गाडी दमली तर ती थांबते. उतरताना चुकली तर ती थांबत नाही. आमच्या वजनाची गाडी दोनशे मीटर खाली उतरते तेव्हा सुमारे सात लिटर थंड पाणी उकळीला येईल इतकी उष्णता निर्माण होते. थोडी वारा आणि रस्ता खातात. उरलेली इंजिनाने पचवायची, नाही तर ब्रेकांनी. सतत पाय दाबून ठेवला तर ब्रेक इतके तापतात की त्यांची पकडच जाते. गाडी खालच्या गिअरमध्ये ठेवली तर इंजिनच तिला मागे खेचून धरते.

सरदारजींचे वाक्य बंधूंच्या ध्यानात होते. त्यांनी उताराच्या माथ्यावरच दुसरा गिअर घातला. इंजिनाचा आवाज चढला, कन्या घाबरून म्हणाली, "काका, गाडी ओरडते आहे." ते म्हणाले, "ओरडू दे. ती आपल्याला धरून ठेवते आहे." मध्येच एकदा ब्रेक दाबून वेग कमी करायचा आणि पाय उचलायचा, असे चालले. गिअर काढून गाडी मोकळी सोडणे किंवा इंजिन बंद करून पेट्रोल वाचविणे हा प्रकार काही लोक करतात. तो जिवावरचा खेळ आहे. इंजिन बंद होताच ब्रेकाला मिळणारे साहाय्य काही दाबांतच संपते आणि स्टिअरिंगही जड होते. पुढे एक मालमोटार कडेला उभी होती आणि तिच्या चाकांतून जळकट वास येत होता. आईच्या हातात जपमाळ होती. खाली सपाटीवर आल्यावर तिने ती खिशात ठेवली, तोपर्यंत आमच्यापैकी कोणी बोलले नाही.

घरी पोहोचलो तेव्हा पेट्रोलचा हिशेब केला. एरवी लिटरला वीस किलोमीटर देणारी गाडी या प्रवासात साडेसतरा पडली. ओझ्याची किंमत एवढीच. इंजिनात काही बिघडले नाही. मिस्त्रीने ब्रेकचे पॅड तपासले, ते शाबूत होते. शेजारचे काका येऊन गाडीभोवती एक फेरी मारून गेले आणि जाताना म्हणाले, "मग मेमध्ये वेलंकणीला आमची गाडी काढू म्हणतो. तो तुमचा काटा तेवढा द्या."

तेव्हा वाचकहो, यंदा प्रवासास निघणाऱ्यांना आमचे एवढेच सांगणे आहे. निघण्यापूर्वी माणसांसकट सारे ओझे तोला. पाच जणांच्या गाडीत सातवे लेकरू मांडीवर घेऊ नका. हवा, शीतक द्रव्य, तेल आणि ब्रेक तपासून घ्या. चढ लागण्यापूर्वी गिअर खाली आणा आणि उताराच्या माथ्यावरही तेच करा. संत पौलाने एकमेकांची ओझी वाहावीत असे गलतीकरांस लिहिले. लहान गाडी तर आपल्या साऱ्या घराचे ओझे मुकाट्याने वाहते; मागते ते एवढेच की ते किती आहे हे आपण आधी पाहून घ्यावे. गावी आलेल्या त्या गव्हाच्या पिठाच्या पोळ्या आम्ही शेजाऱ्यांसह खाल्ल्या. काकांच्या घरी काटा पोहोचला आहे.